मालूआत्याचा लॅपटॉप दम घेतो

आमच्या मालूआत्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजत नाही. तिथे स्वयंपाकाचं माप म्हणजे तिचा लॅपटॉप. त्याचं बटण दाबलं की आत्या गॅसवर तुरीची डाळ ठेवते, आणि पडद्यावर नातवाचा फोटो उमटला की गॅस बंद करते. "डाळ एका चालूत शिजते," असं ती गल्लीतल्या नव्या सुनांना सांगते. चण्यांना दोन चालू लागतात. म्हणजे लॅपटॉप एकदा चालू झाला की बंद करायचा आणि पुन्हा लावायचा. अंडं उकडायचं असेल तर पडद्यावर कंपनीचं नाव येऊन जाईपर्यंत पुरतं. या मापानं शिजवलेलं आजवर तिच्याकडे कधी कच्चं राहिलं नाही की करपलं नाही, हे मी स्वतः जेवून सांगतो.

मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिग्रसला आमच्याच गल्लीत राहते. नोकरी सगळी यवतमाळला, एका सरकारी कचेरीत टाइपिस्ट म्हणून झाली. आधी खडखडणारं मशीन, मग कॉम्प्युटर. ती इतक्या भराभर टाइप करायची म्हणे, की साहेबांचं वाक्य संपायच्या आत तिचं संपलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. चालणं भरभर, बोलणं भरभर. भाजी घ्यायला गेली तर भाजीवाल्यानं तराजू उचलेपर्यंत ही पुढच्या दुकानात. अशा बाईनं जगातला सगळ्यात मंद लॅपटॉप पोटच्या पोरासारखा सांभाळावा, याचं आमच्या घरात सगळ्यांनाच नवल वाटायचं.

तो तिनं निवृत्त झाली तेव्हा घेतला. खोक्यातून काढून सरळ चालू करील ती आत्या कसली! नवी गाडी घेतली की आमच्याकडे आधी कळंबला नेतात. हिनं लॅपटॉप नेला. पोटाशी धरून एसटीनं गेली, चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरली, तो देवापुढे ठेवला, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढून घेतलं आणि मगच घरी येऊन बटण दाबलं. माझे वडील म्हणतात, चिंतामणीनं त्या दिवशी ताईच्या सगळ्या चिंता काढून घेतल्या आणि चुकून लॅपटॉपचा वेगही बरोबर घेऊन गेला. पुढे दर दसऱ्याला त्याची झेंडूच्या फुलांनी पूजा होत आली. त्यामुळे अजूनही काही बटणं दाबली की बोटाला हळद लागते.

निवृत्तीनंतर आत्यानं गल्लीतल्या बायांची सरकारी कामं करून द्यायला सुरुवात केली. कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या कार्डावर नावात चूक. दुपारची जेवणं आटोपली की बाया यायच्या. आत्या लॅपटॉप उघडायची, बटण दाबायची आणि म्हणायची, "घ्या, बसा आता. तो दम घेऊन राह्यला."

हे ती अशा आवाजात म्हणायची, की वाटावं कोणी म्हातारे गृहस्थ माडी चढून आले आहेत आणि त्यांना पाणी द्यायचं आहे.

तो दम घेत असताना त्याच्याकडे टक लावून पाहायची बंदी होती. "त्याच्या तोंडाकडे पाहू नका वं. तुमच्याकडे असं कोनी पाह्यत बसलं तं तुमाले काम सुधरन काय?" मग बाया लॅपटॉपकडे पाठ करून बसायच्या. हात रिकामे ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. कोणी तुरीच्या शेंगा आणायची, कोणी मिरच्यांची देठं काढायला घ्यायची, कोणी मेथी निवडायची. इतक्या गप्पा व्हायच्या की त्या बैठकीत दोन लग्नं जुळली आणि एक वेळेवर मोडलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. मधेच पंखा घरघरायचा, मधेच लॅपटॉप स्वतःच्या मनानं बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तेव्हा आत्या त्याच्या झाकणावर हात फिरवून म्हणायची, "होईन, बापू, होईन. घाई नाई."

आणखी एक रीत होती. ज्या बाईचा फॉर्म असेल तिला आत्या मधल्या खोलीत पाठवायची. "जा, आतमधी बसून कागदं नीट लावून घे," म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. फॉर्म भरायची वेळ आली की हाक मारायची. ती बाई तोंड धुऊन, केस पुन्हा बांधून बाहेर यायची. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. आमच्या बायांना कागदपत्रांची सवय नाही, त्यामुळे चार कागद लावायला वेळ लागतो, असं माझं ठाम मत होतं. तोंड धुण्याचा संबंध मी फॉर्मवरच्या फोटोशी लावला होता. माणूस शिकला की त्याला कशाचाही संबंध कशाशीही लावता येतो.

आता माझं सांगतो. मी पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण हल्ली काम घरून करतो, म्हणून दिग्रसला परत आलो. माझं कामच मुळी सॉफ्टवेअर कुठे अडतं ते शोधून त्याला पळवायचं. समोरच्याच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलं असेल तर काही लोकांना चैन पडत नाही, तसं माझं त्या फिरणाऱ्या चक्राकडे पाहून व्हायचं. शिवाय जुना लॅपटॉप वेगवान करण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न लोक मला लग्नात विचारतात, तेराव्याला विचारतात, एसटीत मागच्या सीटवरून खांद्याला हात लावून विचारतात. माझं उत्तर तयार असतं. पडदा फुटला, बिजागरी तुटली, तर नवा घ्या. पण नुसताच रेंगाळत असेल तर आतली जुनी फिरती डिस्क काढा, नवी टाका, रॅम वाढवा, धूळ झटका. आणखी काही वर्षं तो आनंदानं चालतो. मेहनत वाया जात नाही.

"आत्या, एका दुपारचं काम आहे," मी तिला म्हणालो. "विमानासारखा उडेल बघ."

"कायले उडवतं? मले कुठं जाचं हाये?"

"अगं, पण बायांचा किती वेळ जातो!"

"वेळ त्यायचा हाये ना? मंग त्यायचा त्यायलेच जाऊ दे."

दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, पोळा होऊ दे. पोळा झाला तर पितृपक्षात असलं काही करत नाहीत म्हणाली. नवरात्रात घट बसले होते. दिवाळीत तर हिनं मलाच उलट विचारलं, "तुले कंपनीत काम नाई का रे, पशा?" हैदराबादला असलेला तिचा मुलगा सचिन नवा लॅपटॉप पाठवतो म्हणाला, तर त्याला सांगितलं, "पाठवशीन तं मी तो कपाटात ठेवीन, साडीसारखा."

शेवटी मी बसस्टँडच्या रस्त्यावरच्या रफिकभाईकडे गेलो. रफिकभाई मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करतो आणि वर्षातून एकदा आत्या लॅपटॉप त्याच्याकडे नेते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, भाई, तुम्ही इतकी वर्षं याचं करता काय?

"पुसतो," रफिकभाई म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कपड्यानं पुसतो, भाऊ. आत्याचा ऑर्डर हाये. बाहेरून चकाचक कर, आत हात लावाचा नाई. एकडाव मी म्हणलं, आत्या, कमसे कम पंखा तं साफ करू द्या. स्क्रू ड्रायव्हर उचलला तं हात पकडला ना माहा! मी बी सोडून देल्लं. बुजुर्ग हाये, कोन नाद करन?"

मी मात्र नाद केला. पुसदला नात्यात लग्न होतं. आत्या तिकडे मुक्कामी गेली आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेली. मी तुळशीला पाणी घातलं आणि लॅपटॉप उघडला. आत एक वाळलेली झेंडूची पाकळी होती, मोहरी होती, तुरीची सालं होती आणि एक मुंगी होती, जिनं बहुधा हा चालू होण्याची वाट बघत प्राण सोडला असावा. सगळं साफ केलं. नवी डिस्क बसवली, आत्याचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घेतलं, रॅम वाढवली आणि बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पडद्यावर नातू हसत होता. त्या रिकाम्या घरात मीही एकटाच हसलो. आत्याला यापेक्षा चांगली भेट आजवर कोणी दिली नसेल, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आत्या लग्नाची बुंदी घेऊन परत आली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, दाब बटण. तिनं दाबलं. नातू आला. आत्यानं तवा लागावा तसा हात मागे घेतला.

"हे काय केलं तू?"

"भेट! आता वाट पाहायची कटकट संपली."

तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग बुंदीचा पुडा माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा घरी. तुही आई वाट पाह्यत असन." तिला गहिवरून आलं असावं, असा मी अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसलो. कौतुक ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू? बाया शेंगा घेऊन बसल्या होत्या आणि पूजाचं काम होतं. पूजा म्हणजे समोरच्या राठोडांची सून. माहेर दारव्ह्याकडच्या तांड्यावरचं. राठोडांचं घर मोठं, माणसं चांगली, पण अखंड येणं-जाणं. सासरे, दीर, दिरांचे मित्र, तांड्यावरून तालुक्याला कामाला आलेलं कोणी ना कोणी, आणि पूजाचं काही महिन्यांचं बाळ. त्या बाळाचं नाव रेशन कार्डात चढवायचं काम गेल्या पावसाळ्यापासून चाललं होतं. कधी साइट बंद, कधी लॅपटॉप मधेच झोपलेला. पूजा आठवड्यातून एकदा तरी येऊन जायची आणि काम अर्धवट राहायचं.

आत्यानं नेहमीसारखं तिला मधल्या खोलीत पाठवलं. तिनं दार ओढून घेतलं न घेतलं तोच मी ओरडलो, "चालू झाला! या, या!"

पूजा बाहेर आली. केस बांधलेलेच होते, तोंड धुतलेलं नव्हतं. मी आत्याच्या शेजारी बसून एकेक रकाना भरायला लावला. बाळाचं नाव चढलं. पावतीही निघाली.

"झालं?" पूजानं विचारलं.

"झालं!"

"पूरं झालं?"

"एकदम पूरं. आता यायचं काम नाही."

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या स्वतःच्या हातांकडे पाहत होती. पूजा "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि निघाली. पायरीवर ती भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आनंद झाला असावा. मागून कोणीतरी म्हणालं, "चाला वं, शेंगा आता घरीच सोलाव लागन," आणि बाया उठून गेल्या. एरवी चहापर्यंत रंगणारी बैठक त्या दिवशी बसायच्या आधीच मोडली.

पुढचे काही दिवस आत्या विचित्र वागायला लागली. पासवर्ड विसरायची. चष्मा शोधायची आणि तो तिच्या कपाळावर असायचा. यवतमाळच्या कचेरीत जिच्या बोटांची टपटप थांबत नसे, ती बाई एका बोटानं एकेक अक्षर शोधायला लागली. "नेट गेलं," म्हणाली म्हणून मी धावत गेलो, तर राउटरचा प्लग तिच्या पदराखाली. मी तो काढून परत लावला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी मी तिच्या पापडांवर क्रिकेटचा चेंडू मारला होता तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्यातच एकदा राठोडकाकूंनी, म्हणजे पूजाच्या सासूनं, मला रस्त्यात थांबवलं. "पशा, तुह्या आत्याचं मशीन सुधारलं म्हणते?"

"हो तर, काकू! आता काम पाच मिनिटांत."

"अस्सं," काकू म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यानंतर पूजा आत्याकडे दिसली नाही. एकदा तिला मी त्यांच्या दारात पाहिलं. कडेवर बाळ, हातात चहाचा ट्रे, आणि डोळे असे लाल की मला वाटलं साथ आली आहे.

माझी कंपनीची मीटिंग चालू असताना एका दुपारी आत्या आमच्या घरात शिरली आणि माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. पुण्यातली सगळी मंडळी तिच्याकडे पाहत होती.

"मले माहा लॅपटॉप वापस पाह्यजे."

"आत्या, तुझ्याकडेच आहे ना तो?"

"तो माहा नाई. तो कोनाचा हाये मले माहीत नाई. माहा पाह्यजे. तुले हळू करता येते का नाई, तेवढं सांग."

मी कॅमेरा बंद केला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादं यंत्र हळू करून द्या, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी समजूत घालायला लागलो, तर तिनं मनगट धरून मला तिच्या घरी नेलं आणि मधल्या खोलीचं दार उघडलं.

"पाह्य. इथं कुठं कागदं लावतात थे दाखव मले."

खोलीत टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. एक खाट होती. तिच्यावर धुतलेली चादर, मऊ झालेली गोधडी, उशीला नवा अभ्रा. खिडकीला जाड पडदा. उशाशी तांब्या-भांडं, पायाशी टेबल फॅन. खाटेच्या कडेला एक केसांची पिन पडली होती.

"झोपते थे इथं," आत्या म्हणाली. "पूजा. तिच्या आधी पाटलांची सून झोपत होती, जुळं झालतं तवा. ज्या बाईच्या डोयाखाली काळं दिसलं, तिचा फॉर्म निघते."

मी ती पिन उचलून उशाशी ठेवली.

"रातभर लेकरू जागते. पाहाटं उठून साऱ्याइचं करा. दुपारी सारं घर आडवं होते, पन सून कशी होईन? पाहुना आला तं चहा कोन मांडन? सासू वाईट नाई तिची, घरच तसं हाये. मी आत्याकडे झोपाले जातो म्हणलं तं कोनी जाऊ देईन काय? आन् फॉर्म भराले जातो म्हणलं तं कोनी अडवत नाई. सरकारी काम म्हणलं का सारे गुपचाप. पन फॉर्म पाच मिनटात झाला, तं मंग वापस जाव लागते ना बाप्पा."

"मला सांगायचंस तरी."

"तुले? तुह्या पोटात काई राह्यते का? पाच मिनटात होते म्हणून साऱ्या गल्लीले सांगून आला ना?"

आत्या खाटेच्या कडेवर टेकली. गोधडीची सुरकुती हातानं सरळ करत म्हणाली, "मी तं न्हाणीत झोपत होती."

"कुठे?"

"न्हाणीत. सचिन झालता तवा. सासरी माणसं किती, तुले माहीतच हाये. न्हाणीची कडी लावाची, पाटावर बसाचं, भिताडाले पाठ टेकाची. हातात लोटा. जराशानं एक लोटा पानी फरशीवर सांडाचं, म्हणजे बाहेर वाटते बाई आंघोळ करून राह्यली. झोपेत बी हात चालत होता माहा. एक दिवस लोटाच सुटला हातातून. असा वाजला! सासरे भाईरून ओरडले, काय झालं गा?"

"मग?"

"मंग काय? झाली आंघोळ म्हणून भाईर आली. कोरडीच."

मला हसू आलं आणि अर्ध्यातच ते कुठेतरी अडकलं. ती मात्र हसत होती. "नोकरी लागली ना, तवा सारे म्हणत, मालूले साहेबाच्या कचेरीचा आनंद झाला. मले आनंद झालता एसटीचा. दिग्रस ते यवतमाळ, खिडकीले डोकं लावून. त्या एसटीत मले कोनी उठवलं नाई, कंडक्टरनं बी नाई."

जन्मापासून मी या बाईच्या घरी जेवत आलो होतो. तिच्या तऱ्हा नकला करून पुण्यातल्या मित्रांना सांगत आलो होतो. ती इतकी भरभर का चालते, दिवसाची सगळी कामं कोणी पाठीमागे लागल्यासारखी का उरकते, हे मला एकदाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या खोलीत उभं राहून मला तिच्याबद्दल फार माया वाटली. मी एवढंच म्हणालो, "जुनी डिस्क आहे माझ्याकडे. लावतो."

लावली. वाढवलेली रॅमही काढून घेतली. बटण दाबलं. काळा पडदा, मग कंपनीचं नाव, मग पुन्हा काळा पडदा, आणि बऱ्याच वेळानं ते गोल चक्र हळूहळू फिरायला लागलं. आत्यानं समाधानानं मान हलवली आणि पदर खोचून सरळ राठोडांच्या घरी गेली. तिथे तिनं भर बैठकीत सांगितलं, की त्या दिवशी घाईत फॉर्म भरला, त्याच्यात एक रकाना राहिला, नाव रद्द होऊ शकतं, पूजाला पाठवा. सगळं घर घाबरलं. सासऱ्यांनी स्वतः बाळाला घेतलं म्हणे आणि सुनेला म्हणाले, जा लवकर.

पूजा आली. आत्या म्हणाली, "जा, कागदं लावून घे." पूजा मधल्या खोलीत गेली आणि दार ओढलं गेलं. थोड्या वेळानं आतून टेबल फॅनचा आवाज यायला लागला. बाया शेंगा सोलायला बसल्या. मलाही मिरच्यांची परात मिळाली, आणि डोळ्यांना हात लावू नको अशी ताकीद. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. इतक्या दिवसांत माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं, की या बैठकीत सगळ्या जणी खालच्या आवाजात बोलतात.

आणि दारात राठोडकाकू उभ्या राहिल्या. खांद्यावर बाळ, आणि ते किरकिरत होतं.

"झालं नाई का वं अजून?"

शेंगा सोलणारे हात थांबले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं म्हणत होता पाच मिनटात होते?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मधल्या खोलीच्या दाराशी पूजाच्या चपला होत्या. मिरचीचा हात मी जवळजवळ डोळ्याला लावलाच होता.

"बिघडला, काकू," मी म्हणालो. "म्या हात लावला ना, तवापासून बिघडला तो. दम घेऊन राह्यला अजून."

काकूंनी लॅपटॉपकडे पाहिलं. चक्र फिरत होतं. मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि फॅनचा आवाज ऐकला. बाळ पुन्हा किरकिरलं, तशी त्यांनी ते या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत थोपटत भिंतीशी येऊन बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंग होऊ दे हळूहळू. आमच्या वक्ताले असं मशीन पाह्यजे होतं."

त्यांना सगळं कळलं होतं, हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. पाटलांची सून उठली आणि तिनं काकूंच्या पाठीमागे एक लोड सरकवला. काकूंनी डोकं भिंतीला टेकलं. बाळ झोपलं होतं, पण थोपटणारा हात तसाच चालत राहिला होता.

आत्या त्या हाताकडे बराच वेळ पाहत होती.

"राठोडबाई," ती म्हणाली, "तुमचा बी एक फॉर्म राह्यला हाये बरं."

"माहा? कोनता वं?"

"हाये एक. उद्या दुपारी या. लेकराले पूजा पाह्यन."

काकू जरा संकोचल्या. "मले तं सही येत नाई, बाई."

"या फॉर्मले सही लागत नाई," आत्या म्हणाली.